भिंगरीचा डबा

रक्तपेढीत त्याला सगळे भिंगरी म्हणत. हा माणूस कधी खुर्चीत नीट टेकला, असं कुणी शपथेवर सांगू शकलं नसतं. पेढीचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम बसून करायचं. हा उभ्यानेच कीबोर्ड बडवायचा. सकाळी घराचं कुलूप तीनदा ओढून बघायचा. "कुलूप लागलंय, गॅस बंद आहे आणि मी तुझ्या शेजारीच उभी आहे. निघायचं?" बायको रोज विचारायची.

पेढीच्या कॉम्प्युटरचं जुनं यंत्र आठवडाभर कण्हत होतं. त्याच्या जागी साबणाच्या वडीएवढं नवं यंत्र आणलं होतं. रक्तदात्यांची यादी जुन्यावर एका कंटेनरमध्ये होती. म्हणजे डेटाबेस आणि त्याला लागणारं सगळं सामान एकाच डब्यात बांधलेलं. "डबा उचलायचा, इकडे ठेवायचा. अर्ध्या तासात चालू," सोमवारी सकाळी त्याने डॉक्टरबाईंना ऐटीत सांगितलं. जुनं बंद केलं आणि पेन ड्राइव्हवर घेतलेला डबा नव्यावर चढवला.

नव्या यंत्राने एका ओळीत हात झटकले: हा प्रोग्राम मला चालवताच येत नाही.

भिंगरीने ती ओळ पुन्हा वाचली. डबा जुन्या यंत्राच्या प्रोसेसरसाठी बांधलेला. नव्याचा प्रोसेसर वेगळ्याच घडणीचा, मोबाइलमधल्यासारखा. त्याला त्या आज्ञा कळणार कशा? एवढी साधी गोष्ट घाईत निसटली होती. त्याने जुन्याचं बटण दाबलं. ते एकदा किंचाळलं आणि कायमचं गप्प झालं.

तेवढ्यात डॉक्टरबाई दारात. "बाळंतीण आहे, रक्त थांबत नाहीये. दुर्मिळ गट. होत्या त्या दोन पिशव्या पाठवल्या. यादीत त्या गटाचे चार दाते आहेत, त्यांचे नंबर दे."

"देतो."

"कधी?"

"देतोच आहे."

"भिंगरी, इकडे बघून बोल."

त्याने मोबाइलच्या नेटवरून नव्या प्रोसेसरसाठी बांधलेला डबा उतरवायला घेतला. टक्के मुंगीच्या पावलांनी सरकत होते. हा खिडकीपासून फ्रीजपर्यंत, फ्रीजपासून खिडकीपर्यंत. "तू पळालास म्हणून ते पळणार आहे का?" रक्त तपासणाऱ्या मावशी करवादल्या.

डबा चालू झाला, पण रिकामा. पेन ड्राइव्हवरचं जुन्या डेटाबेसचं फोल्डर जसंच्या तसं आत घालावं, तर ते जुन्या प्रोसेसरच्या पद्धतीने लिहिलेलं. उघडेल किंवा बिघडेल, भरवसा नाही.

मग त्याला शनिवार आठवला. दोन जिने उतरून तो फाटकापर्यंत गेला होता. जिवाला चैन पडेना, म्हणून परत वर आला आणि सगळी यादी साध्या मजकुरात, कोणत्याही यंत्राला वाचता येईल अशी, पेन ड्राइव्हवर वेगळी उतरवून घेतली. मावशी तेव्हा म्हणाल्या होत्या, "आता भिंतींची तेवढी नक्कल घे."

सहा मिनिटांत यादी आत गेली. पहिल्या दात्याचा फोन बंद. दुसरा गावाला. तिसरी एक शिक्षिका. "वर्गात आहे, निघते," म्हणाली. भिंगरी ती येईपर्यंत फाटकाशीच फेऱ्या मारत राहिला.

संध्याकाळी बाळंतिणीचा धोका टळल्याचा निरोप आला. तो आपली पिशवी खांद्याला लावून जिना उतरू लागला, तशा वरून मावशी ओरडल्या, "अरे, आजची नक्कल घेतलीस का?"

घेतली होती. तरी तो चौथ्या पायरीवर थांबला आणि वळला.