पोथीची गाठ
कपाटात वेखंडाचे तुकडे ठेवले की त्या उग्र वासानं मला नांद्याचं देऊळ आठवतं. तिथल्या शाळेत मी नवा मास्तर होतो आणि श्रावणात पोथी वाचायचं काम माझ्याकडे आलं होतं. वेखंडामुळे पोथीला कसर लागली नव्हती, पण उंदरांनी पानांच्या कडा कुरतडल्या होत्या. रुमाल सोडताच सुटी पानं फरशीवर पसरली आणि पानांचे आकडे तर कुठंच उरले नव्हते. "नदीत सोडा आता," एक म्हातारे म्हणाले. तेव्हा दरवर्षी पायरीखाली बसून ऐकणारी एक धनगरीण बोलली, "तुमी वाचा गुरुजी. म्होरं काय येतं ते मला ठावं हाय." तिला अक्षरओळख नव्हती. मी पानाची पहिली ओळ वाचायचो आणि ती म्हणायची, "हे न्हाई, हे मागनं येतंय." लेक बोलवायला आली, तर तिलाच तिनं मेंढरांकडं परत पाठवलं. दिवस कलता कलता शेवटचं पान लागलं. मी सहज सांगितलं, की ग्रंथ हा शब्द गाठ बांधण्यातूनच आलाय. पूर्वी ताडाची पानं दोऱ्यात ओवून गाठ मारत. "मंग गाठ मीच मारनार," असं म्हणून ती लोकरीचा दोरा घेऊन पायरी चढली. नदीत सोडा म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांनीच सरकून तिला जागा दिली. पुढच्या श्रावणात ती गाठ कुणालाच सुटेना, तेव्हा अख्खा गाव पोथी पुढ्यात ठेवून त्या धनगरणीची वाट बघत बसला. माझ्या कपाटातले ग्रंथ आता छापखान्यातच शिवून येतात. ते उघडायला कुणासाठी थांबावं लागत नाही, आणि तेच मला खटकतं.