मॅडमनी न दिलेलं इंजेक्शन

गांगुर्डे मॅडम गेल्याचं मला बायकोच्या, मंदाच्या फोनवरून कळलं. दिंडोरी रोडवरच्या माझ्या शेडमध्ये एका जुन्या ट्रॅक्टरचा सौदा चालला होता आणि समोरचा माणूस टायरकडे बोट दाखवून भाव पाडत होता. “मॅडम गेल्या हो... पहाटे, झोपेतच,” मंदा म्हणाली. मी ‘बरं’ म्हणालो, फोन खिशात टाकला आणि टायरचं बोलणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू केलं. अंत्यविधीला गेलो नाही. त्यांनी वाचवलेली मुलं नाशिकमध्ये गल्लोगल्ली आहेत, माणसांची कमी पडली नसणार. माझं त्यांच्याशी सोळा वर्षांचं भांडण होतं. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या चितेपाशी तोंड पाडून उभं राहणं मला जमत नाही.

मॅडम नवजात बाळांच्या डॉक्टर. वडील देवळाली कॅम्पात कारकून, घर बौद्ध वस्तीतलं, दोन खोल्यांचं. कोणी हात धरून वर ओढलेली बाई नव्हती ती. मीही बैलबाजारात दलालाच्या हाताखाली पाणी भरत वर आलेला, त्यामुळे असा माणूस मला लांबून ओळखू येतो. आमची मुलगी त्यांच्याकडे नेली ती म्हणूनच. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली मुलगी. जन्मली तेव्हा रडली नाही. मेंदूचा मोठा भाग तयारच झाला नव्हता, श्वास यंत्रावर होता आणि थोड्या थोड्या वेळानं झटके यायचे. त्या एवढ्याशा अंगाची कमान व्हायची आणि ओठ निळे पडायचे. मी बाहेरच्या दोन मोठ्या डॉक्टरांना कागद दाखवले. दोघांनी तेच सांगितलं. ही मुलगी जगणार नाही, यंत्र फक्त दिवस लांबवतंय.

तिसऱ्या दिवशी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो आणि सरळ म्हणालो, “मॅडम, एक इंजेक्शन द्या आणि सोडवा तिला. कागदावर काय लिहायचं ते लिहा, मी सही करतो.”

“तसं इंजेक्शन मी देत नाही, भाऊ,” त्या म्हणाल्या. “यंत्र काढता येईल. ताई आणि तुम्ही दोघं हो म्हणालात तर. झटक्यांचं आणि दुखण्याचं औषध चालू ठेवीन. मग ती तिच्या वेळेनं जाईल.”

“म्हणजे नळी काढायला तुमचा हात चालतो आणि सुई टोचायला चालत नाही? मरायची ती मरणारच. फरक काय राहिला? रस्त्यावरच्या कुत्र्याचीसुद्धा डॉक्टर सुटका करतात.”

आवाज चढला की समोरचा दोन पावलं मागे जातो, असा माझा आयुष्यभराचा अनुभव. त्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, “फरक मला पूर्ण समजलाय असं मी म्हणत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी मला भीती माझ्या हाताची वाटते. एकदा दिलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. आज तुमची मुलगी आहे, जी खरंच वाचणार नाही. उद्या कोणीतरी अशी घेऊन येईल, जी नुसती मुलगी आहे म्हणूनच नकोय. तोही तुमच्यासारखाच सही करायला तयार असेल.”

त्या वाक्यावर मी टेबलावरचा पेनस्टँड हातानं उडवला. “नऊ वर्षं देव पाण्यात घालून बसलो आम्ही! मला त्या लोकांच्या रांगेत बसवता?”

“तुम्हाला नाही म्हणत. पण सुई माणूस ओळखत नाही, भाऊ.”

एवढं बोलून त्यांनी पेनं गोळा केली. रागानं नाही, सावकाश. मग मला बाळापाशी नेलं आणि माझा हात दुपट्याखाली सरकवला. मुलीनं माझं बोट धरलं. बैलबाजारात रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव ठरतो, बघणाऱ्याला काही दिसत नाही. समोरच्याच्या बोटाच्या दाबावरून तो कुठवर येईल हे मी ओळखायचो, त्यावरच तर माझं पोट चाललं. इथे बोट घट्ट धरलेलं होतं आणि मागणी काय आहे ते कळत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, “ही पकड आपोआप होते, तिला कळत नाही. खोटं सांगणार नाही मी.” तेवढं न सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मला आजही वाटतं.

यंत्र काढायला मंदानं होकार दिला, मीही दिला. किती वेळ लागेल, मी विचारलं. “काही तास, कदाचित जास्त. तुम्ही खोलीत असा,” त्या म्हणाल्या. चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्यातली कोपऱ्यातली एक खोली रिकामी केली, मंदाला पलंगावर बसवलं, मुलगी तिच्या मांडीवर दिली आणि नळी काढली. मुलगी गेली पाचव्या दिवशी दुपारी. सुमारे तीस तास! हेच माझं भांडण. मिनिटात संपणारं मरण या बाईनं स्वतःचे हात स्वच्छ ठेवण्यासाठी तीस तास ताणलं, असं मी चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे सांगत आलो. “तीस तास तडफडली माझी पोर,” असं म्हणायचो. ऐकून दिंडोरीतल्या दोन घरांनी आपली बाळं मॅडमकडे न्यायची थांबवली. मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं.

पुढे काही वर्षांनी त्र्यंबकरोडवरच्या एका लग्नात मॅडम समोर आल्या. वळून जाता आलं असतं त्यांना, पण आल्या. “भाऊ, राग आहे अजून?” मी म्हणालो, “तीस तास, मॅडम.” त्या म्हणाल्या, “तीस तास आणि दहा मिनिटं.” मला तो उद्धटपणा वाटला. चुकीचं वजन सांगणाऱ्याला काट्यावर उभं राहून दुरुस्त करावं तसा. मी हातातली ताटली तशीच ठेवून निघून आलो.

मॅडम गेल्यावर आठवड्यानं जेवताना मी पुन्हा तोच विषय काढला. माणूस मेला म्हणून खोटं खरं होत नाही, असलं काहीतरी बोललो असेन. मंदानं भाकरी मोडायची थांबवली.

“कोण तडफडली? तुम्ही पाहिली?”

मी पाहिली नव्हती. नळी काढायच्या आधीच मी खोलीतून निघालो होतो आणि ते सगळे तास खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून काढले होते. माझ्या आईनं पाचवी पुजायला कोरा कागद आणि पेन वर पाठवायला सांगितलं, तेव्हाही मी जागेवरून ओरडलो होतो, “सटवाईनं आता काय लिहायचं राहिलंय?” ही गोष्ट मी टपरीवर कधी सांगितली नाही. हळूहळू मलाच मी त्या खोलीत होतो असं वाटायला लागलं होतं.

“औषधानं झटके थांबले व्हते,” मंदा म्हणाली. “लय शांत झोपली व्हती. मी कापसानं ओठाला दूध लावलं. तुम्ही पाचवीचा कागद दिला नाय, तर मॅडमनी स्वतःच्या वहीचं पान फाडलं, खिशातलं पेन दिलं. त्यांचा इश्वास नव्हता कशावर, तरी दिलं. घरीसुद्धा गेल्या नाय त्या. माझ्या मांडीवर पोर तेवढाच येळ राहिली. एका मिनिटात संपवली असती, तर मला काय राहिलं असतं?”

“सोळा वर्षं बोलली नाहीस.”

“तुम्ही इचारलं का कधी?”

इंजेक्शनबद्दलचं माझं मत अजून तिथेच आहे. औषधानं झटके थांबले नसते तर? तेव्हा मॅडमनी काय केलं असतं? हा प्रश्न मी त्यांना विचारायला हवा होता, आणि आता उत्तर कोण देणार... पण तडफडली हा शब्द मी मागे घेतो. ते मी पाहिलं नव्हतं. म्हणून हे लिहिलं.

गेल्या आठवड्यात मंदाला ती खोली पाहायची होती, म्हणून तिला घेऊन गेलो. कोपऱ्यातली ती खोली मॅडमनी नंतर अशाच बाळांसाठी कायमची राखून ठेवली, असं तिथल्या जुन्या सिस्टरांनी सांगितलं. पलंग, एक खुर्ची, एक बुटकं स्टूल. “खुर्ची वडिलांची. स्टूल मॅडमचं,” सिस्टर म्हणाल्या. “खुर्ची बऱ्याचदा रिकामीच राहते. स्टूल कधी राहिलं नाही.” आम्ही निघतच होतो, तेवढ्यात पेठकडची एक बाई चाकाच्या खुर्चीवरून आली, छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मागून येणारा तिचा नवरा उंबऱ्यापाशीच अडला. माझ्याकडे पाहून म्हणाला, “मी भाईरच बरा, भाऊ.”

“बाहेर बसून काही कळत नाही,” मी म्हणालो. “मी बसलोय.”

तो आत गेला. खुर्चीच्या कडेला टेकला. सिस्टरांनी मॅडमचं स्टूल पुढे ओढलं आणि पदर सावरून त्यावर बसल्या. मंदाला घेऊन मी बाहेर आलो आणि आवाज होणार नाही असं दार लावलं.