रस्त्यातला केक

बंडखोर कोणास म्हणावे, हे मी वर्गात सावकाश समजावून सांगत असे: ज्याच्या बंडाचा भार तो स्वतः वाहतो, तो. जानेफळच्या थांब्यावर फ्लेक्सवर झळकणारा तरुण या व्याख्येत कधीच बसला नाही. काळा चष्मा, कान किटवणारी बुलेट आणि कोणालाही न जुमानणारा अशी ख्याती. पण पेट्रोल वडिलांचे आणि शर्टाची इस्त्री आईच्या हातची. तरीही गाव त्याला कौतुकाने ‘भाऊ’ म्हणे.

त्याच्या वाढदिवशी सकाळी आमची मेहकरची एसटी थांब्यापाशी अडली. भर रस्त्यात बुलेट आडवी, तिच्या सीटवर केक, भाऊच्या हातात तलवार. मित्रांनी डोक्यावर फोडलेल्या अंड्यांचा बलक त्याच्या कानामागून ओघळत होता. वाढदिवसाचा केक नाकारणे आमच्याकडे अपमानाचे समजतात. म्हणून चालक आणि वाहक दोघेही उतरून केकची वाट पाहू लागले.

माझ्या शेजारी बसलेल्या, आमच्याच गावातल्या मुलीची त्या दिवशी बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. तिने खिडकीतून हाक मारली, “काका, चला ना! मले उशीर होऊन राह्यला.”

“थांब वं, दोन घास खाऊ दे,” वाहक म्हणाला.

मुलगी उतरली आणि सरळ भाऊसमोर जाऊन उभी राहिली.

“भाऊ, गाडी बाजूले घे. माह्यं प्रॅक्टिकल हाये.”

“काऊन वं, एवढी घाई? केक खाय, मंग जाय.”

“तू तीनदा बसला बारावीले. मले एकदा तरी बसू दे.”

प्रथम हसले ते त्याचेच मित्र. मग चालकही हसला, हात झटकत गाडीत चढला आणि हॉर्न वाजवू लागला. भाऊने केक मित्राच्या हाती दिला आणि मान खाली घालून बुलेट ढकलली. शिट्ट्यांवर पोसलेल्या शौर्याला हसू पचत नाही.

मुलगी वेळेत पोहोचली. संध्याकाळी मी परतले, तेव्हा थांब्यावर चर्चा रंगली होती.

“भाऊचं मन मोठं हाये बे! पोरीसाठी सोताचा केक बाजूले ठेवला.”

पुढे मुलीच्या घरावरून जाताना तिच्या वडिलांचा चढलेला आवाज ऐकू आला, “त्याच्या तोंडी लागाले कोनं सांगतलं होतं तुले?”

प्रात्यक्षिक कसे झाले, हे तिला अजून कोणी विचारलेच नव्हते. मी फाटक उघडून आत गेले आणि तेवढेच विचारले.