विंगेतली जागा

माणूस गेल्यावर भेटायला आलेले लोक आधी गप्प बसतात, मग हळूहळू त्याचेच किस्से सांगू लागतात. शाळेचं जुनं नाट्यगृह पाडणार हे कळल्यापासून मधल्या सुट्टीत आमचंही तेच चाललंय. एकाने सुरुवात केली की दुसऱ्याला काहीतरी आठवतंच.

मी प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून विसरलेलं वाक्य हळूच सांगायचं, हे माझं काम. वर्गात उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नाही. विंगेत मात्र माझ्या आवाजाची कुणालातरी गरज असते. नव्या इमारतीत एसी हॉल होणार आहे, पण त्याला विंगा नाहीत. मग मी कुठे उभी राहणार, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

*

आमच्या स्टेजची मधली एक फळी कुजली होती. त्यामुळे आम्ही सगळे तिला वळसा घालूनच चालायचो. स्पर्धेसाठी दुसऱ्या नाट्यगृहात गेलो, तिथलं स्टेज गुळगुळीत, धडधाकट. तरी प्रत्येक जण मध्यावर आला की वळसा!

परीक्षक म्हणाले, "नाटकातल्या घरातले आजोबा गेलेत, त्यांची जागा मुलांनी शेवटपर्यंत मोकळी ठेवली. फार सूचक."

दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं. आमचं नाटक बसवणाऱ्या वैद्य मॅडमनी ते अतिशय गंभीर चेहऱ्याने घेतलं.

*

सुशांत देवळ्याचा. इथे मामाकडे राहून शिकतो. त्याचं "हाय" आणि "नाय" घालवायला मॅडमनी महिनाभर मेहनत घेतली. प्रयोगाला तो प्रधान होता आणि अगदी शुद्ध बोलत होता. तेवढ्यात वीज गेली.

"महाराज, लय अंधार हाय."

राजा झालेली ऋतुजा डगमगली नाही. "प्रधानजी, प्रजेला मशाली पेटवायला सांगा."

समोर बसलेल्या पालकांनी मोबाइलचे टॉर्च लावले. वीज आली, तरी बराच वेळ कुणी ते बंद केले नाहीत.

*

एकदा सुशांत वाक्याच्या मध्येच थांबला. विसरला असेल म्हणून मी पुढचा शब्द दिला. तो गप्पच. पुन्हा दिला. प्रेक्षकांकडे पाठ करून तो पुटपुटला, "थांब ना, ॲक्टिंग करतोय."

नंतर मॅडम मला म्हणाल्या, "विसरलेला माणूस आणि थांबलेला माणूस, यांतला फरक कळला की तुला सगळं आलं."

*

ऋतुजाच्या घरची फुलशेती आहे. प्रत्येक प्रयोगाआधी नटराजाच्या पूजेला तिची आई झेंडू घेऊन यायची. नाट्यगृहाच्या निरोपाच्या दिवशीही आली, तर मूर्ती आधीच ऑफिसात हलवलेली. शिपाईमामा म्हणाले, फुलं तिकडेच नेऊन द्या.

काकू जिना चढून स्टेजवर गेल्या आणि कडेला ओळीने फुलं मांडत राहिल्या. "देव नेला तुम्ही," त्या म्हणाल्या, "पण पोरं तर इथंच उभी राहिली ना?"

*

त्याच दुपारी मॅडमनी सांगितलं, प्रत्येकाने स्टेजच्या मध्यावर, कुजक्या फळीच्या जरा अलीकडे यायचं आणि नाट्यगृहाला एक वाक्य बोलायचं. समोर सगळी शाळा बसली होती. कुणी आभार मानले, कुणाला रडू आलं. सुशांतचं बोलून झालं आणि मॅडमनी माझं नाव घेतलं.

माझे पाय विंगेतून हललेच नाहीत. मॅडमनी दुसऱ्यांदा नाव घेतलं नाही. त्या नुसत्या थांबल्या.

मी तिथूनच, नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "मला इथेच राहायचं होतं."

सुशांत अजून मध्यावरच होता. सवयीने त्याने मान वर केली आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला, "मला इथेच राहायचं होतं."

कुणी हसलं नाही. स्टेजच्या कडेला उभी असलेली ऋतुजा दोन पावलं विंगेकडे सरकली, आणि समोर बघतच, ओठ फारसे न हलवता मला म्हणाली,

"पुढचं दे."