मशीनची नक्कल

त्याचं नाव मी कधी विचारलंच न्हाई. बसवकल्याणात आमच्या रेशनच्या रांगेत तो नेहमी माझ्या पुढं असायचा, खांद्यावर स्वतः विणलेलं घोंगडं. जन्मभर घोंगड्यांना चिंचोक्याची खळ घासून त्याच्या बोटांच्या रेघाच पुसल्या होत्या. त्यामुळं दुकानातलं मशीन त्याचा अंगठा घेईना.

पण माणूस मोठा हसरा बघा. अंगठा जुळला न्हाई की तिथंच रांगेसमोर मशीनची नक्कल करायचा. नाक धरून "टूंऽऽ" काढायचा, मग दुकानदार होऊन ओरडायचा, "अप्पा, बोट केसाला घास! दुसरं लाव!" मग आपणच गिऱ्हाईक होऊन दहाही बोटं टेकवायचा, शेवटी नाकसुद्धा. आम्ही बाया पोट धरून हसायचो.

एकदा मी म्हणलं, "अण्णा, रिकामी पिशवी घेऊन जायलास, आन् हसायलास कामून?"

"अक्का, घरवाली अंथरुणावर हाय. घरी गेलो की तिला हीच नक्कल दाखवतो. ती हसती, आन् तांदूळ आला का ते इचारायचं इसरती."

गेल्या महिन्यात मशीननं त्याला पुन्हा माघारी धाडलं. आम्ही नक्कल बघायला थांबलो. तो पिशवीची घडी घालत हळूच म्हणला, "आता ती हसंना झाली, अक्का. मागच्या खेपेला मी नुसतं नाक धरलं, तर म्हणली, न्हाई ना मिळाला?"

मी त्याला थांबवलं, आन् माझं रेशन मिळाल्यावर त्यातले निम्मे तांदूळ त्याच्या पिशवीत ओतले. त्यानं घेतले, पण मान वर केली न्हाई. इतके महिने आम्ही हसून घेतलं, तवा हे कुणालाच सुचलं न्हाई.