हिरव्या पानाचे जास्तीचे पैसे

येलदरीच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आमचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बल्ल्या, वर पत्रे, तीन बाजूंनी तुराट्यांचा कूड आणि मागं आमची राहायची खोली. मी चुडाव्याची. बारावीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन इथं आले. पहिल्याच दिवशी सासूनं माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, "पेन धरायचे हात हायत. भाकरीला कामाचे न्हाईत." पुढं कितीतरी दिवस मी थापलेली भाकर तिनं गिऱ्हाइकाला दिली नाही. माझ्यासमोर कुत्र्याला टाकायची. कुत्रं आवडीनं खायचं, तर त्यालाही शिव्या.

तिला मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंना घाण खपत नसे. पळसाची पानं त्या स्वतः आणायच्या, स्वतः पत्रावळी लावायच्या. उष्ट्या पत्रावळी मागच्या खड्ड्यात. भांड्याचं पाणी धरणाच्या उताराला जाऊ द्यायच्या नाहीत, त्यासाठी चर खणून ते भोपळ्याच्या वेलाकडं वळवलं होतं. हे सगळं त्या निसर्गासाठी करत नव्हत्या. आम्ही बौद्ध. आमच्या दारात एक माशी दिसली तर लोक काय बोलतील, ते त्यांना ठाऊक होतं. ते बोलणं ऐकावं लागू नये म्हणून त्या उभी जिंदगी झाडत राहिल्या.

गावातली माणसं आमच्याकडं चहासुद्धा घेत नसत. जेवायला यायचे ते ट्रकवाले, वीजघरावरचे कामगार, जिंतूरचे मुसलमान व्यापारी. हिवाळ्यात रविवारी मात्र धरण बघायला बाहेरचे लोक यायचे. परभणीचे, सेलूचे, कधी औरंगाबादचे. त्यांना आम्ही कोण ते माहीत नसायचं. तळलेला मासा, भाकरी, ठेचा खाऊन ते खूश होऊन जायचे. जाताना बाटल्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या काठावर टाकून.

त्या बाटल्या-पिशव्या पाहून एक प्राध्यापक हैराण व्हायचे. ते पक्षी बघायला यायचे. गळ्यात दुर्बीण, पायात कापडी बूट, बोलणं मऊ. जेवायचे आमच्याकडंच. आम्ही कोण ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं आणि ते आमच्या रांजणातलं पाणी पीत. आत्याबाईंना ते 'मावशी' म्हणत. त्यांनी चार-दोन ओळखीची माणसं जमवून एक मंडळ काढलं आणि एक योजना आणली. जो हॉटेलवाला प्लास्टिक वापरणार नाही, ओलं झाड तोडून जाळणार नाही, घाण पाण्यात सोडणार नाही, त्याच्या दाराला पत्र्याची पाटी. पाटीवर हिरवं पान रंगवलेलं. तिथं जेवणाऱ्यानं थोडे पैसे जास्त द्यायचे. ते पैसे हॉटेलवाल्याच्या जास्तीच्या मेहनतीचे.

"लोक देतील?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"मी किती जणांना विचारलं," प्राध्यापक म्हणाले. "स्वच्छ जागेसाठी जास्त पैसे द्याल का म्हणून. एकही माणूस नाही म्हणाला नाही. लोक चांगले असतात हो, त्यांना फक्त खूण दाखवावी लागते."

पहिली पाटी त्यांनी आमच्या दाराला ठोकली. दुसरी कुणाला देण्यासारखी नव्हतीच. पलीकडं गावातल्या एका मोठ्या जमीनदाराच्या पुतण्याचं हॉटेल होतं, त्याच्या मागं कचऱ्याचा डोंगर.

आणि लोकांनी खरंच पैसे दिले. गाड्या पान शोधत आमच्याकडं थांबू लागल्या. बायका पत्रावळ उलटी करून टाके बघायच्या. "बघा, किती स्वच्छ! असंच पाहिजे," म्हणून पोरांना शिकवायच्या. जास्तीचे पैसे देताना माणसांचे चेहरे देवळातून बाहेर आल्यासारखे दिसायचे. आत्याबाईंनी त्या हिवाळ्यात मला पहिल्यांदा गिऱ्हाइकासाठी भाकरी थापू दिल्या. "तोंड बरं ठिव," एवढंच म्हणाल्या. "लोक बघायलेत."

त्यानंतरच्या एका रविवारी सेलूहून दोन जीपा आल्या. कापसाच्या व्यापारातलं कुटुंब होतं. आठवणीत राहिली ती त्यांची सून, माझ्याच वयाची, कडेवर लहान लेकरू. तिनं दोनदा मासा मागून घेतला. माझा हात धरून म्हणाली, "तुमच्या हाताला चव आहे हो ताई." मला ताई म्हणणारं ते पहिलं गिऱ्हाईक. लेकराचं दुपटं बदलायला जागा विचारली, तर मीच तिला मागच्या खोलीत नेलं.

खोलीत भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता, जो आमच्या प्रत्येक घरात असतो. त्याला त्या दिवशी झेंडूचा हार होता.

ती फोटोकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. लेकराला दुपटं न बांधताच उचललं आणि बाहेर गेली. तिनं सासऱ्याच्या कानात काही सांगितलं. सगळे जेवता जेवता थांबले. त्यांच्यातली एक म्हातारी उठली, चिंचेखाली गेली आणि घशात बोटं घालून ओकली. सून तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती. मग तिनंही घशात बोटं घातली. तिला ओकारी आली नाही. तिनं परत परत प्रयत्न केला. मी तांब्या हातात घेऊन दारात उभी, कारण माणूस ओकायला लागलं की पाणी द्यावं एवढंच मला सुचलं. तिनं तांब्याकडं बघितलं आणि तोंड पदरानंच पुसलं.

सासरा गल्ल्यापाशी आला. पैसे त्यानं आधीच दिले होते. माझ्या नवऱ्याला म्हणाला, "जेवणाचे राहू द्या. पानाचे परत करा."

"कशाचे?"

"ते स्वच्छतेचे जास्तीचे घेतले ना, ते. ते परत करा."

माझा नवरा उंचपुरा होता, धरणात पोहून जाळं लावणारा. त्यानं गल्ला उघडला आणि पैसे परत दिले. जीपा गेल्यावर आत्याबाईंनी चिंचेखाली राख टाकली, ते सगळं फावड्यानं उचललं आणि खड्ड्यात नेऊन टाकलं. मग मला म्हणाल्या, "आत कशाला नेली गं सटवीला? लय मोठी ताई झालीस व्हय?" आणि माझ्या मुस्काटात दिली.

पुढच्या आठवड्यात प्राध्यापक आले. बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. जेवले नाहीत, पण पाणी मागितलं आणि प्यायले.

"मावशी, मी असलं काही मानत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"मग?"

"लोक मानतात. पानाच्या पाटीलाच नावं ठेवायला लागलेत. एकदा पानावरचा विश्वास उडाला की सगळंच बुडेल. फोटो तेवढा आत कुठं तरी ठेवला असता..."

"आतच हाय फोटो. आनखी कुठं आत? पोटात घालू?"

प्राध्यापकांनी खाली बघितलं. खरंच त्यांचे डोळे भरले होते. मला त्या डोळ्यांचा सगळ्यात जास्त राग आला. आत्याबाईंनी स्वतः स्टुलावर चढून पाटी उचकटली आणि त्यांच्या हातात दिली. खिळासुद्धा दिला.

पाटी पलीकडं पुतण्याच्या दाराला लागली. त्यानं मागचा कचरा एका दिवसात पेटवून दिला, थोडे दिवस बाजारातून पत्रावळी आणल्या, मग मेणकागदाच्या ताटल्या आणल्या. कोणी विचारलं नाही. पान बघून लोक थांबत होते, जास्तीचे पैसे देत होते आणि तोच चेहरा घेऊन बाहेर येत होते.

आमच्याकडं ट्रकवाले राहिले. त्यांच्यावर घर चालत नव्हतं.

प्राध्यापक पुन्हा आले ते नवऱ्यासाठी काम घेऊन. मंडळाकडं आता पानाच्या पैशातला काही हिस्सा जमत होता, त्यातून काठ साफ ठेवायला माणूस ठेवायचा होता. हे काम त्यांनी पुतण्याला विचारलं नव्हतं, धरणात मासे धरणाऱ्या भोयांनाही नाही. सरळ आमच्याकडं आले होते. त्यात काही विशेष आहे असं त्यांना वाटलंही नसावं.

ते गेल्यावर आत्याबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुझ्या बापानं मेलेली ढोरं वढायचं सोडलं, तवा गावानं पाणी तोडलं. उपाशी ऱ्हायलो, पर हात लावला न्हाई. अन तू झाडू घेतूस?"

"तवा तुमी दोघंच व्हता. मला माय हाय, बायको हाय."

"बायकूला इक मग."

त्यानं काम घेतलं. आत्याबाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याचं ताट वाढायचं माझ्यावर आलं, आणि त्या असताना मी त्याच्याशी बोलले तर माझ्याशीही दिवसभर बोलत नसत. एका खोलीत तीन माणसं, आणि भांड्यांचाच आवाज.

मंडळानं त्याला हिरवी टोपी दिली होती. रविवारी तो काठाकाठानं पिशव्या, बाटल्या, उष्टी हाडं गोळा करत फिरायचा. सहलीचे लोक त्याच्यासमोरच कागद खाली टाकायचे, कारण उचलायला माणूस आहे हे त्यांना दिसत होतं. काही जण त्याच्याबरोबर फोटो काढून घ्यायचे. एका बाईनं त्याला लांबून हात जोडले आणि म्हणाली, "तुम्ही निसर्गाची केवढी सेवा करता!" हे त्यानं मला हसून सांगितलं. आत्याबाई पाठ करून बसल्या होत्या. भिंतीकडं बघत म्हणाल्या, "हात लांबूनच जोडले न्हवं?"

पुढच्या हिवाळ्यात काठाच्या चिखलात फुटलेली बाटली त्याच्या पायात घुसली. त्यानं चिंधी बांधली आणि दिवसभर काम केलं, कारण मंडळाचे पाहुणे येणार होते. पाय सुजला, काळा पडला. परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. डाव्या पायाची सगळी बोटं आणि पुढचा भाग कापावा लागला.

प्राध्यापक मोसंबी घेऊन आले. पलंगाशेजारी बसले, पाय कुठवर कापला ते पांघरुणावरून नजरेनं अंदाज घेत राहिले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "कामाची काळजी करू नका. दुसरा माणूस मिळाला आहे." ते खरोखर माझी काळजी दूर करत होते.

आत्याबाई दुसऱ्या दिवशी एसटीनं आल्या. वर्षभरानं मुलाशी बोलल्या. म्हणाल्या, "आता झाडायला वाकता येईना, बरं झालं." तो लहान पोरासारखा रडायला लागला. त्यांनी फडकं सोडलं, भाकर चुरली, दुधात कालवली आणि घास त्याच्या तोंडात कोंबत राहिल्या. "गप. शेजारचे बघायलेत. गीळ."

आम्ही येलदरी सोडली. सेलूला एका जिनिंगच्या फाटकावर त्याला राखणदाराचं काम मिळालं, मला बालवाडीत. मालक त्या जीपावाल्यांपैकीच होता की काय, हे मी कधी विचारलं नाही. विचारून पोट भरणार नव्हतं.

विद्यापीठाला नाव मिळाल्याची बातमी आली तेव्हा आम्ही सेलूतच होतो. आमच्या गल्लीत हलगी वाजायला लागली, निळा गुलाल उडाला, बायका पदर खोचून नाचायला उतरल्या. नवरा काठी टेकून दारात उभा होता. आत्याबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. तोवर त्यांचे डोळे अधू झाले होते, पण कोण नाचतंय आणि कोण नाही हे त्यांना बरोबर कळत होतं.

"नाच की," त्या त्याला म्हणाल्या. "एक पाय हाय की धड."

"माय, गुमान बस."

"नाच म्हणते न्हवं. का टोपी पायजे डोक्यावर?"

गल्लीतली माणसं ऐकत होती. त्यानं काठी भिंतीला लावली आणि उतरला. वाकडातिकडा, एका अंगावर पडत, घामाघूम होईपर्यंत नाचला. पोरं हसली, मग टाळ्या वाजवायला लागली. परत आला तेव्हा कापलेल्या पायाची कातडी फाटून रक्त आलं होतं. आत्याबाईंनी पाय मांडीवर ओढून घेतला, चाचपून जखम शोधली आणि तिच्यात हळद भरली. तो कळवळला.

"नाच म्हणलं की नाचतंय," त्या मला म्हणाल्या. "पहिल्यापासून असंच हाय येडं. पाणी आण गरम."