भीमाबाईनं राखलेली जागा

“घरची भाकर घरी, गिरणीचं सूत गिरणीत.”

भीमाबाई हे इतक्या वेळा म्हणायची की आमच्या गावच्या बाया विहिरीवर एकमेकींना ते चेष्टेनं ऐकवत. गावाकडून कोणी नागपूरला तिच्या दारी गेलं, ‘आमच्या पोरीले गिरणीत लावून दे’ म्हणालं, की ती पाट मांडायची, पोटभर जेवू घालायची, वर भाजी वाढायची. आणि हात धुतल्यावर हे वाक्य. माणूस तृप्त होऊन, रिकाम्या हातानं परत यायचा. तरी तिची निंदा करताना मी कोणाला ऐकलं नाही.

ती आमच्या गावची लेक. कुहीकडच्या धानाच्या बांध्यांत चिखल तुडवत वाढलेली. छप्पन साली नागपूरला दीक्षेच्या दिवशी ती लेकरू कडेवर घेऊन उभी होती. त्या दिवशी जी मान ताठ झाली ती पुन्हा कोणापुढं वाकली नाही. गिरणीच्या रिलिंग खात्यात ती कामाला होती. तिथं बाया बॉबिनीवरचं सूत फाळक्यावर, म्हणजे फिरत्या चौकटीवर, घेतात आणि त्याच्या लड्या करतात. नवरा गेला, पण तिनं खातं सोडलं नाही. पुढं ती त्याच खात्याची नायकीण झाली. कोणत्या बाईनं कोणत्या फाळक्यावर उभं राहायचं, हे नायकीण ठरवते. आमच्या गावातून असं ठरवणारी ती पहिलीच. गाव तिला ‘आमची नायकीण’ म्हणायचं, आणि म्हणताना आवाज आपोआप मोठा व्हायचा.

त्या खात्यात बायांची एक रीत होती. एखादी बाळंतपणाला निघाली की आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाळक्याच्या दांड्याला बांधून जायची. तिच्या जागी बदलीची बाई उभी राही, मजुरीही घेई, पण चिंधीला हात लावत नसे. मूळची बाई परत आली की स्वतःच्या हातानं चिंधी सोडायची आणि कामाला लागायची. कोणत्या कायद्यात हे लिहिलेलं नव्हतं, पण खातं ते पाळत होतं.

खात्यातली देवकी बाळंतपणाला कुहीकडं माहेरी गेली तेव्हा तिच्या जागी उभी राहिली पुष्पलता, भीमाबाईची सून. गेटवर रोज बदलीसाठी ताटकळणारी पोर, तिला पहिल्यांदाच लागोपाठ काम मिळालं होतं. हात हलका, सूत तुटायचं नाही. घरात कांताच्या, म्हणजे भीमाबाईच्या धाकट्या लेकीच्या, लग्नाचं पाहणं चाललं होतं. भीमाबाईचा मुलगा, पुष्पलताचा नवरा रविंद्र, नागपूरच्या महाल भागात सायकलरिक्षा दुरुस्त करायचा. त्याचं काम कधी असे, कधी नसे.

देवकीची रजा संपली, पण ती आली नाही. धानाची कापणी आली होती, माहेरी हात कमी होते, आणि तिला घाई वाटत नव्हती. चिंधी होती ना बांधलेली.

पण साहेब नवा होता. शनिवारी सुट्टीच्या वेळी त्यानं भीमाबाईला बोलावलं. “बाई, सोमवार के भोंगे तक नहीं आई तो नाम कटेगा. जो खड़ी है उसीको पक्का कर देंगे. आपकी बहू है न?”

भीमाबाई “हो” म्हणाली आणि घरी येऊन हे सांगितलं. ऐकून रविंद्रच्या तोंडावर हसू मावेना.

“माय, आता तं तुले काही करावंच नाही लागत. फक्त चूप राह्य.”

“तेच तं जड आहे, बापू. सकाळी कुहीले जाऊन येतो.”

“उद्या? भिवापूरचे पाहुणे कांताले पाहाले येऊन राहिले! घरची बाईच घरी नाही, काय म्हणतील?”

“म्हणतील, कामावर गेली.”

“रविवारी गिरणी बंद असते हे त्याइले ठाऊक नाही काय?”

पुष्पलता चुलीशी होती. तिनं तव्यावरून नजर उचलली नाही. “आत्याबाई, माह्या हातानं सूत जास्त तुटते काय?”

“नाही वं. तुह्यासारखा हात खात्यात नाही. पण तू राखणीवर आहेस.”

“राखण करणाऱ्याले कधीच काही भेटत नाही काय?”

भीमाबाईनं एसटीचे पैसे मोजून पदराच्या गाठीला बांधले.

सकाळच्या एसटीनं ती कुहीला उतरली आणि शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधांवरून चालत देवकीच्या माहेरी पोचली. देवकी खळ्यावर धान झोडत होती, लेकरू झाडाच्या झोळीत.

“मावशी, तुमी काहून आल्या? चिंधी आहे ना माही?”

“चिंधी आहे वं. पण साहेब नवा आहे, त्याले चिंधी वाचता येत नाही. उद्या भोंग्याच्या आधी गेटवर ये.”

देवकीच्या हातातली पेंढी तशीच राहिली. “अन् पुष्पलता?”

“ते माह्या घरचं आहे. तू लेकराचं गाठोडं बांध.”

परतीची गाडी निघून गेली होती. दुसरीची वाट पाहत भीमाबाई कुहीच्या स्टँडवर बसून राहिली, आणि तिकडं पाहुणे येऊन ठेपले. मुलाचे वडील महादेवराव, मिरचीच्या धंद्यातले, बोलायला चटपटीत. पोहे झाले, चहा आला. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

“यजमानीण बाई दिसून नाही राहिल्या?”

ताप आल्याचं सांगायचं, असं रविंद्रनं ठरवून ठेवलं होतं. पण पुष्पलता त्याच्या आधी बोलली.

“कुहीले गेल्या. माही नोकरी दुसरीले देवाले.”

कांतानं खाली घातलेली मान आणखी खाली गेली. महादेवरावांनी कप बशीत ठेवला. “म्हणजे कसं?”

पुष्पलता सांगू लागली. सुरुवात गाऱ्हाण्याचीच होती. पण देवकी, चिंधी, नवा साहेब, रात्रीचं बोलणं असं एकेक सांगता सांगता तिचा आवाज बदलत गेला. आमच्या गावी तिनं स्वतःच हे नंतर सांगितलं: आपण सासूची तक्रार करतोय की तिची बाजू मांडतोय, हे तिचं तिलाच कळेना.

महादेवराव हसले. “बाई, तुमी रागावून राहिल्या का मिरवून राहिल्या?”

“दोन्ही,” पुष्पलता म्हणाली.

“मंग आमी थांबतो. विहीण पाह्याशिवाय कसं जावं?”

दिवस कलताना भीमाबाई आली. केसांत धानाचा कोंडा, पायांवर धूळ. दारात पाहुण्यांच्या वहाणा पाहून थबकली. महादेवराव उठून उभे राहिले. “जयभीम, बाई.”

“जयभीम. गाडी हुकली, माफी असावी.”

“मिरचीवाले आहो आमी. वाट पाह्याची सवय आहे.”

कांताची सोयरीक तिथंच जमली. पण पुष्पलताची जागा तर गेली ती गेलीच, ते काही कोणी बदललं नाही. त्या रात्री तिनं सासूपुढं ताट ठेवलं, आणि भीमाबाईनं एक घास तोडून आधी तिच्या हातावर ठेवला. एवढंच.

सोमवारी देवकी लेकराला घेऊन भोंग्याच्या आधी आली. तिला आत सोडलं. पुष्पलता गेटबाहेर बदलीच्या बायांच्या रांगेत जाऊन उभी राहिली, पहिल्यासारखी. शेजारचीनं कोपर मारलं.

“काहून वं, सासू नायकीण अन् सून रस्त्यावर?”

“मंग? तशी सासू पाहिली काय कोठं?”

भोंगा झाला. भीमाबाई रांगेजवळून गेली. सुनेकडं तिनं एकदा पाहिलं, पाऊल थांबवलं नाही. लुगड्याचा पदर खोचून, मान ताठ ठेवून ती गेटातून आत गेली आणि खात्याच्या वाटेनं चालू लागली. बाकीच्या बाया मुकादमाच्या हाकेकडं कान लावून होत्या. पुष्पलता मात्र टाचा उंचावून, ती वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडं पाहत होती.